दोन हाका

आमच्या डोंगरात धुक्यातून हाक आली तर लगेच ओ द्यायची नसते. लग्न होऊन आले त्या पहिल्याच पावसाळ्यात सासूबाईंनी मला हे शिकवलं. माणूस तीनदा हाक मारतं, आणि ते दुसरं जे असतं ते दोनदाच मारतं. तिसरी हाक त्याच्या घशातून निघत नाही. म्हणून दोन हाका नुसत्या ऐकायच्या, हातातलं काम थांबवायचं नाही, मान वळवायची नाही, आणि तिसरी आली की मगच ओ द्यायची. आधी ओ दिली तर ते आपल्याला आवाजाच्या मागं मागं नेतं, असं त्या म्हणायच्या. कुठं नेतं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

माझं माहेर भोरचं. वडील संस्थानच्या कचेरीत पट्टेवाले होते. संस्थान गेलं, त्यांचा पितळी बिल्ला खुंटीला लागला आणि मी सासरी आले, हे सगळं एकाच उन्हाळ्यात झालं. मी चौथीपर्यंत शिकले होते. शाळेत हजेरी घेताना माझं "हजर" फक्त शेजारच्या मुलीला ऐकू जायचं आणि ती माझ्या वतीनं ओरडायची. असा माझा स्वभाव. कमी बोलायचं आणि तेही हळू.

सासर वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, तोरण्याच्या कुशीतली पाच घरांची वाडी. श्रावणात ढग खाली उतरतो आणि भादवा सरेपर्यंत वाडीतच बसून असतो. भर दुपारी हातातला विळा दिसतो, पण समोरचा बांध दिसत नाही. गुरं दिसत नाहीत, त्यांच्या घंटा ऐकू येतात. त्या दिवसांत सगळा कारभार हाकांवर चालतो. कोण कुठल्या खाचरात आहे, कोण घराकडे निघालं, भाकरी कुणाला पोचली नाही, सगळं ओरडून. आणि म्हणूनच तीन हाकांचा नेम.

जाऊ माझ्यानंतर तीन वर्षांनी आली. दीर मुंबईला गिरणीत होते, शिमग्याला आणि गणपतीला यायचे. ती माझ्या अगदी उलट. चुलीशी, जात्याशी, म्हशीशी, कुणाशीही बोलायची. मला ती आक्का म्हणायची. साऱ्या वाडीत मला आक्का म्हणणारी ती एकटीच होती. तिला अक्षर येत नव्हतं, म्हणून दिराला पत्रं मी लिहायची. ती सांगायची, मी टाक शाईत बुडवून लिहायची. शाई संपत आली की त्यात पाणी घालायचं, मग अक्षर दिवसेंदिवस फिकं होत जायचं.

तो भादव्यातला दिवस. सकाळी न्याहारी झाल्यावर ती पत्र सांगायला बसली. तिची तीन वर्षांची मुलगी तिच्या पाठीवर लोंबकळत होती.

"लिव्हा आक्का, हितं माजा जीव रमत न्हाई."

मी लिहिलं.

"लिव्हा, आत्याबाई बऱ्या हायेत, पर त्यास्नी आताशा कमी ऐकू येतं."

आत्याबाई म्हणजे आमच्या सासूबाई. त्या आतून म्हणाल्या, "समदं ऐकू येतंय मला, भवाने!"

"बगा, येवढंच तेवढं येतं," म्हणून ती खदखदून हसली. मग माझ्याकडे पाहत म्हणाली, "आन लिव्हा, दिसभर मी दगडासंग बोलते. दगडाला लिवता येतं, बोलता तेवढं येत न्हाई."

माझा टाक थांबला.

"लिव्हा की! का शाई सपली?"

मी ते लिहिलं. माझ्याबद्दलचं, माझ्याच अक्षरात. पुढंही ती बरंच काही सांगत होती, हात लिहीत होता, पण कानांवर पडद्यासारखं काहीतरी आलं होतं. पत्राची घडी घालून मी ती माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली. बाजारादिवशी टपालात टाकायची होती.

त्यानंतर ती ओढ्यापलीकडे म्हशीला गवत कापायला गेली आणि मी ओढ्याच्या अलीकडच्या खाचरात भात बेणायला, रोपांतलं तण उपटायला. आता पुढचं मी घरी जसं सांगितलं तसंच आधी लिहिते.

दुपार असावी. मी इरलं पाठीवर घेऊन वाकले होते. ओढ्याच्या बाजूनं हाक आली, "आक्काऽऽ". मी काम थांबवलं नाही. थोड्या वेळानं पुन्हा आली, "आक्काऽऽ". मी तिसरीची वाट पाहिली. धुक्यात पाण्याचा आवाज तेवढा येत होता. तिसरी आली नाही. म्हणजे माणूस नव्हेच, असं समजून मी देवाचं नाव घेत कपाळाला हात लावला, उरलेली ओळ बेणली आणि घरी आले. सासूबाईंना म्हणाले, "आत्याबाई, आज मला दोनच हाका आल्या. मी ओ दिली न्हाई."

"बरं केलंस," त्या म्हणाल्या.

जाऊ परत आली नाही. ओढ्यावर दोन ओंडके टाकून केलेला साकव होता, त्यातला एक ओंडका लोंढ्यानं सरकला होता. पलीकडे गवताचा भारा तसाच पडला होता. ती दुसऱ्या दिवशी सापडली, खालच्या डोहात.

त्या डोहाच्या काठावर शेंदूर लावलेले सात दगड आहेत. त्या साती आसरा, पाण्यातल्या सात बाया. वाडीतल्या सगळ्यांनी एकच सांगितलं, की जाऊ आसरांनी नेली. सासूबाई मला जवळ घेऊन म्हणाल्या, "ती हाक तिची न्हवतीच, बाय. तिच्या आवाजात त्यांनी मारली. तू ओ दिली असतीस तर दोन मडी निगाली असती." एकानंही मला दोष दिला नाही. दीर आले, तेही म्हणाले, वैनी तुमी वाचला ते देवाची कृपा. पत्र माळ्यावर तसंच राहिलं.

तेराव्यानंतर हाका सुरू झाल्या.

पहिली तांदळाच्या वाफेतून आली. झाकण उचललं आणि वाफेबरोबर "आक्काऽऽ". मी झाकण धरून उभी राहिले. तेवढ्याच अंतरानं दुसरी. नंतर जात्याच्या घरघरीत आली, मग कळशी भरताना. दिवसातून एकदा, कधी चार दिवसांत एकदा. नेहमी दोन आणि नेहमी ओढ्याच्या अंगानं, मी घरात कुठंही तोंड करून असले तरी. हाकांची मला भीती वाटत नव्हती. आवाज रागाचा नव्हता, घाईचा नव्हता, भारा उचलू लागायला बोलवावं तसा होता. भीती वाटायची ती त्यानंतरच्या गप्पपणाची. त्या गप्पपणात मी तिसरीची वाट पाहायची. श्वास धरून. ती आली तर मला ओ द्यावी लागेल आणि मग काय होईल, हे ठाऊक नव्हतं. ती यायची नाही. मग मी श्वास सोडायची, तोवर दूध उतू गेलेलं असायचं.

हळूहळू माझं डोकं आमच्या माळ्यासारखं झालं. फुटकी टोपली, जुनी वाकळ, गंजलेला फाळ, सगळं एकमेकांत अडकलेलं, एक ओढावं तर दुसरं अंगावर येतं. कुणाच्याही हाकेला ओ देणं मला जमेना. मालकांनी हाक मारली तरी मी आत मोजायची. तिसऱ्या हाकेला ओ निघायची, तीही कधी कधी. पाणवठ्यावर बाया म्हणायच्या, "ह्या वैनीला तीन आवतणं लागत्यात, मग पाटावर बसनार." हसायच्या. मीही हसल्यासारखं करायची.

जावेची मुलगी आता माझ्याच अंथरुणात झोपायची. ती मला काकी म्हणायची. एकदा माझ्या ध्यानात आलं, की ती नुसतं काकी म्हणतच नाही. "काकी-काकी-काकी" असं एका दमात तीनदा म्हणते आणि मग बोलते. तिला वाटत होतं, माणसाला हाक अशीच मारायची असते.

सासूबाईंनी त्यांच्या परीनं उपाय केला. अमावस्येच्या दुपारी मला डोहावर नेलं. दगडांना हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, नारळ. मी हात जोडून दगड मोजले. आठ निघाले. पुन्हा मोजले. आठच. आठवा जरा बाजूला, नवा, शेंदूर ओला. मी सासूबाईंकडे पाहिलं, त्या डोळे मिटून पुटपुटत होत्या. माझ्या डोक्याचा भरवसा मलाच उरला नव्हता. घरी येईपर्यंत माझ्या मनात एकच होतं, तो आठवा दगड माझा आहे. तिनंच मला दगड म्हटलं होतं, तिनंच तो ठेवला असेल.

पुढच्या श्रावणात ते घडलं. मी चुलीपुढे होते. गोठा भिंतीपलीकडे, दहा पावलांवर. आतून मुलीची हाक आली, "काकी". मग "का..." एवढीच. मी पळी हातात धरून तिसरीची वाट पाहत उभी राहिले. किती वेळ ते सांगता येत नाही. बाहेरून सासूबाई धावत आल्या, त्यांच्या ओरडण्यानं मी हलले. म्हशीचं दावं मुलीच्या पायाला गुंडाळलं गेलं होतं आणि म्हैस तिला फरफटत दाराकडे ओढत होती. रडून तिचा श्वास कोंडला होता, तिसरी हाक निघालीच नव्हती. पायाला दाव्याचा काळानिळा वळ उठला होता.

सासूबाईंनी तिला पोटाशी धरलं आणि माझ्याकडे पाहून विचारलं, "आगं, घरातच हुतीस न्हवं?"

आठ दिवसांत मुलीचे आजोबा, जावेचे वडील, मार्गासनीकडून आले. भला माणूस, आवाज न चढवता म्हणाले, "माजी लेक पान्यानं नेली, नातीला कशाला ठेवू हितं? तुमची थोरली सून ओ द्याया लागली की आनून सोडतो." मुलीला खांद्यावर घेऊन ते उतरणीला लागले. ती मागं वळून "काकी-काकी-काकी" करत होती. धुक्यात ती दिसेनाशी झाली, तरी हाका येत राहिल्या. मोजायचं भान मला राहिलं नाही. ओ मात्र निघाली नाही.

मालक मला माहेरी घेऊन गेले. मार्गासनीपर्यंत चालत, तिथून एसटी, नसरापूरला उतरून भोरची गाडी. वाडीत बाया म्हणत होत्या, आता हिला पुण्याला वेड्यांच्या इस्पितळात घालतील. मालक वाटेत एकदाच बोलले. "पोरगी परत आणायची आहे," एवढंच.

डोकं दुखतं म्हणून आईनं मला दवाखान्यात नेलं. तिथं तेव्हा एक डॉक्टरीणबाई होत्या, जाड चष्म्याच्या, पुरुषासारख्या आवाजाच्या. पूर्वी काही वर्षं त्यांनी शहरात मनाच्या रोग्यांत काम केलं होतं, हे मला पुढं कळलं. कंपाउंडरनं माझं नाव पुकारलं. मी बाकावर बसून राहिले. पुन्हा पुकारलं. मग त्यानं दुसऱ्याला आत घेतलं. त्यानंतर तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा मी उठले. डॉक्टरीणबाई हे पडद्याच्या फटीतून पाहत होत्या.

"ऐकू येतं ना यांना?" त्यांनी आईला विचारलं.

"येतं हो. पण ओ देत नाही पोर."

त्यांनी गोळ्या दिल्या, आणि म्हणाल्या, दर बाजारादिवशी रोगी संपल्यावर, दुपारी एकट्या या.

मी गेले. त्यांनी मला धुऊन वाळवलेल्या पट्ट्यांची टोपली दिली, एक टोक त्यांनी धरलं, एक मी, आणि आम्ही पट्ट्या गुंडाळत बसलो. त्या मला काही विचारीनात. तीन बाजार असेच गेले. चौथ्या वेळी त्या म्हणाल्या, "बोलवत नसेल तर लिहून आणा. मी वाचणार नाही. तुम्हीच मला वाचून दाखवा." आणि एक कोरी वही दिली.

मी वर जसं लिहिलं आहे तसंच लिहिलं आणि वाचून दाखवलं. धुकं, दोन हाका, ओंडका, आसरा. हाका अजून येतात हेही लिहिलं. त्या हाका माझे भास आहेत असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या नाहीत, आणि खऱ्या आहेत असंही नाही.

"दोन हाका झाल्या की तुम्ही काय करता?"

"थांबते."

"कशासाठी?"

"तिसरीसाठी."

त्यांनी पट्टीचा एक वेढा घेतला. "पहिली हाक ऐकलीत तेव्हा आवाज कुणाचा वाटला?"

माझ्या हातून गुंडाळी सुटली आणि पट्टी दारापर्यंत घरंगळत गेली. त्या उठून ती घेऊन आल्या, पुन्हा गुंडाळायला बसल्या. म्हणाल्या, "या लिहिण्यात धुकं आहे, ओढा आहे, सासूबाई आहेत. तुम्ही दिसत नाही. पुन्हा लिहा."

आईच्या घरी मागच्या पडवीत बसून मी ते तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. लिहिताना हाक यायची. भोरात धुकं नव्हतं, ओढा नव्हता, तरी यायची, परसातल्या रांजणातून. दोन. मी टाक धरून बसायची. एका दुपारी दुसऱ्या हाकेनंतर मी थांबले नाही. त्या गप्पपणातच लिहीत गेले, आणि ते कागदावर आलं.

ते असं. आवाज मी ओळखला होता. पहिल्याच हाकेला. आसरांचा नाही, कशाचा नाही, तिचाच. ओंडका सरकलाय हे मला माहीत नव्हतं, भारा उचलू लागायला बोलावते आहे एवढंच वाटलं. आणि मनात आलं, सकाळी मला दगड म्हणालीस, आता दगडाला हाक मारतेस? दगड ओ देत नाही. दुसऱ्या हाकेला मी वाकूनच हसले. तिसरीला जाईन म्हणत होते. तिसऱ्या हाकेचा नेम मला त्या दिवशी सोयीचा झाला. नेम पाळला म्हणून मी घरी सांगितलं, आणि सगळ्यांनी मला शाबासकी दिली.

पुढच्या बाजाराला हे वाचताना माझा आवाज निघेना. डॉक्टरीणबाई पट्टी गुंडाळत होत्या, त्या थांबल्या नाहीत. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "पुन्हा वाचा." पुन्हा वाचलं. "पुन्हा." त्या वेळी आवाज इतका मोठा आला की बाहेर कंपाउंडरचं बाटल्या धुणं थांबलं. मग मी रडले. वर्षभरात पहिल्यांदा.

त्या म्हणाल्या, "तुम्ही गेला असता तर त्या वाचल्या असत्या का, ते मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकणार नाही. त्याचं उत्तर शोधत बसू नका. ते पत्र कुठं आहे?"

"माळ्यावर."

"सगळं वाचलंत का ते?"

"मीच लिहिलंय."

"मी वाचलंत का विचारते."

घट बसायच्या आधी घर झाडून, सारवून घ्यायचं असतं. त्यासाठी मालक मला चार दिवस वाडीला घेऊन गेले. धुकं सरलं होतं. माळ्यावरचं सगळं खाली काढलं, अंगणात उन्हात मांडलं. वाकळ, फाळ, टोपल्या. एवढंसं सामान असेल असं वाटलं नव्हतं, अंधारात ते केवढं तरी वाटायचं. डब्यातली घडी मी न उघडता कनवटीला खोचली आणि भोरला नेली.

डॉक्टरीणबाईंच्या समोर ती उघडली. माझं फिकं अक्षर. "दिवसभर मी दगडासंग बोलते. दगडाला लिहिता येतं, बोलता येत नाही." एवढं मला पाठ होतं. त्याच्या खाली, माझ्याच हातानं लिहिलेलं, पण मी कधी न ऐकलेलं, असं होतं:

"पण दगड गुणाचा आहे. पोरीला माझ्याहून आक्काचाच लळा. मला मुंबईला नेलं तर तिच्याशी कोण बोलेल, म्हणून नेऊ नका. येताना तिला शाईची दौत आणा, निळी. पाणी घालून घालून लिहिते. अक्षर चांगलं आहे ते फिकं दिसतं."

मी ते मोठ्यानं वाचलं. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. नंतर म्हणाल्या, "हे पत्र तुमचं नाही. ज्याचं आहे त्याला पाठवा."

मी ते दिराला पाठवलं, आणि सोबत दुसऱ्या कागदावर मी जे केलं ते सगळं लिहिलं. मुंबईत त्यांना ते कुणी वाचून दाखवलं असेल, देव जाणे. उत्तर आलं नाही. शिमग्याला ते आले, तोवर मी वाडीला परतले होते. मी चुलीपुढून उठले नाही, वर पाहिलं नाही. त्यांनी पिशवीतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढून चुलीशेजारी ठेवलं. "वैनी," ते म्हणाले, "निळीच हाय." आणि बाहेर अंगणात जाऊन बराच वेळ लाकडं फोडत राहिले. लाकडं फोडायची काही गरज नव्हती.

सासूबाईंना सांगणं जास्त अवघड गेलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं, हळू नाही, त्यांना ऐकू जाईल असं. त्या सुपातले खडे बाजूला काढत राहिल्या. मग म्हणाल्या, "शिकवलं कुनी तुला? मीच. आन बरं केलंस म्हनलं तेबी मीच." सूप खाली ठेवलं. "त्या डोहावर मी एक दगड ठेवलाय तिच्या नावानं. ती गेली तवापासनं. कुनाला बोलले न्हाई."

आठवा दगड खरा होता, आणि तो माझा नव्हता.

जेठात आजोबांनी मुलीला आणून सोडलं. म्हणाले, "येक पावसाळा बगतो. न्हाई जमलं तर दसऱ्याला न्यायला येतो." मुलगी वर्षभरात उंच झाली होती. अंगणातूनच तिनं हाक मारली, "काकी-काकी-काकी". तिचं तिसरं काकी झाल्यावरच माझी ओ निघाली. डॉक्टरीणबाईंपाशी बोलणं वेगळं आणि वाडीत ओ देणं वेगळं. आजोबा माझ्याकडे पाहत होते.

हाका कमी झाल्या होत्या, गेल्या नव्हत्या. मी वही लिहीत होते. आषाढ गेला, श्रावण आला, ढग उतरला.

भादव्यात मी एकटी त्याच खाचरात होते. मुलगी घरी सासूबाईंपाशी. धुकं इतकं दाट होतं की मी बेणलेलं गवत टाकायची ते पडल्याचं दिसायचं नाही. ओढ्याच्या बाजूनं हाक आली.

"आक्काऽऽ."

मला आक्का म्हणणारं आता कुणी नव्हतं. हात पाण्यातच राहिले. दुसरी येईल, मग तो गप्पपणा येईल, हे मला ठाऊक होतं. मी सरळ उभी राहिले, इरलं काढून बांधावर ठेवलं, ओढ्याकडे तोंड केलं आणि दुसरीची वाट न पाहता ओरडले, "ओऽऽ! आले गंऽऽ!" इतक्या मोठ्यानं मी जन्मात ओरडले नव्हते. धुक्यात तो आवाज माझा वाटला नाही.

मी साकवापर्यंत गेले. नवे ओंडके होते, घट्ट बांधलेले. पलीकडे काही दिसत नव्हतं. पाणी वाजत होतं. मी हात पुढं करून उभी राहिले, भारा उचलू लागायला करतात तसा. हातावर धुकं ओलं लागत होतं. एकदा वाटलं, हाताला भार आला. किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. दुसरी हाक आली नाही.

मागून, बांधावरून, बारीक आवाज आला, "काकी..."

"ओ!" मी वळून म्हणाले.

मुलगी सासूबाईंचं बोट धरून आली होती. तिचं तोंड उघडंच राहिलं. तयार असलेल्या पुढच्या दोन हाका तिच्या तोंडातच राहिल्या, आणि मग काय सांगायला आली होती तेच ती विसरली.

दसऱ्याला आजोबा आले. आपट्याची पानं दिली, जेवले. मुलगी माझ्या मागं मागं होती, एकदा हाक मारायची, मी ओ द्यायची, की पुन्हा उगाच एकदा मारायची. त्यांनी ते पानावर बसून ऐकलं. जाताना एकटेच गेले.

डॉक्टरीणबाईंची पुढं बदली झाली. मुलगी आता वेल्ह्याच्या शाळेत जाते. ही माझी तिसरी वही आहे आणि निळी दौत अजून संपलेली नाही, मी पाणी घालत नाही. त्या हाका पुन्हा आल्याच नाहीत असं लिहिलं तर खोटं होईल. पावसाळ्यात एखादी येते. एकच. मी ओ देते, आणि डोहावर गेले की आठव्या दगडापाशी जरा बसून घरातलं काय चाललंय ते बोलते. बाकीची माणसं अजूनही तिसरीला थांबतात. त्यांना मी काही सांगत नाही.

परवाच, धुकं होतं, मी पडवीत वाती वळत होते. मी ओ दिली तशी आतून सासूबाई म्हणाल्या, "कुनाला गं ओ दिलीस? मला तर कायबी ऐकू आलं न्हाई."

"काय ठावं. हाक आली, दिली."

"बरं केलंस," त्या म्हणाल्या. "आता च्या टाक."